मध्ये पुठ्ठा धरला की

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने डोळ्यांवर काळी पट्टी बांधून आम्हाला पेपरातला मथळा वाचून दाखवला. वय वर्षं नऊ. दोन रविवार एका मंगल कार्यालयात ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चं (मेंदूचा ‘झोपलेला’ भाग जागा केला की डोळे झाकूनही दिसतं, असं सांगणारं) शिबिर करून आला होता. बहिणीच्या डोळ्यांत पाणी, शेजारच्या काकू मोबाइलवर व्हिडिओ काढतायत आणि पोरगं एकेक अक्षर जुळवतंय. शेवटचा शब्द सुटला तेव्हा घरभर टाळ्या.

टाळ्या मीही वाजवल्या, पण माझं लक्ष त्याच्या हनुवटीकडे होतं. ती जरा वर उचललेली होती आणि पेपर पोटाजवळ धरलेला. रात्री सगळे झोपल्यावर ती पट्टी मी स्वतः बांधून पाहिली. नाकाच्या दोन्ही बाजूंना जी फट राहते तिच्यातून मला पायाचे अंगठे दिसले, फरशीवरची नक्षी दिसली आणि कॅलेंडर पोटाशी धरलं तर तारखासुद्धा. नाक असलेल्या कुणालाही दिसतील.

दुसऱ्या दिवशी खेळता खेळता मी त्याच्या हनुवटीखाली एक पुठ्ठा आडवा धरला. नव्या शर्टाच्या घडीतून निघतो ना, तसला. म्हटलं, आता वाच. तो थांबला. मान इकडे-तिकडे केली. मग म्हणाला, “मावशी, आज होत नाहीये.” मी पुठ्ठा काढून घेतला आणि आम्ही पत्ते खेळायला बसलो.

मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. तो प्रत्येकाला असतो आणि कुणाचाच झोपलेला नसतो. बुबुळं हलवणं, आवाजाच्या दिशेने मान वळवणं, माणसाला जागं ठेवणं ही त्याची कामं. तो खरोखरच बंद पडला तर मुलाला शिबिरात नाही, अतिदक्षता विभागात न्यावं लागेल. डोळ्यांवाचून बघण्याशी त्याचा काही संबंध नाही.

मग भाचा खोटारडा म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. मोठी माणसं तासन्‌तास ‘दिसेल, दिसेल’ म्हणतायत, शेजारच्या मुलीला ‘दिसलं’, आई बाहेर वाट बघतेय. अशात फटीतून लाल रंग चमकला, तर हेच ते दिसणं, असं नऊ वर्षांच्या मुलाला वाटलं तर त्याचं काय चुकलं? म्हणूनच बाबा-बुवा, ज्योतिषी, ऊर्जा-उपचारवाले यांच्यावर आपल्याकडे जो वाद रंगतो (‘सगळे लुच्चे!’ विरुद्ध ‘तुला अनुभव नाही, तू गप्प बस’) तो मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. लुच्चे असतातच. पण मनापासून विश्वास असलेली, एक पैसा न घेणारी माणसंही तितकीच चुकत असतात. प्रामाणिकपणा तपासून हाती काही लागत नाही. मध्ये पुठ्ठा धरला तर काय उरतं, एवढंच बघायचं.

हा पुठ्ठा मला सुचला तो एका मुलीमुळे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात एमिली रोझा नावाची मुलगी होती, माझ्या भाच्याच्याच वयाची. तिची आई नर्स. त्या वेळी तिथल्या नर्सिंगच्या जगात ‘थेरप्युटिक टच’ नावाचा उपचार जोरात होता. नाव स्पर्शाचं, पण त्यात स्पर्शच नाही. रुग्णाच्या अंगावरून चार बोटं वर हात फिरवायचा, शरीराभोवतीचं ऊर्जाक्षेत्र तळव्यांना ‘जाणवतं’, ते विस्कटलेलं असलं तर नीट करायचं. न्यूयॉर्कमधल्या नर्सिंगच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर आणि थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या डोरा कुन्झ यांनी १९७२च्या सुमाराला तो सुरू केला. क्रीगरबाई तो समजावून सांगताना आपला ‘प्राण’ हा शब्द वापरत.

हा उपचार खरंच कुणाला बरं करतो का, हे शोधायला वर्षं लागतात. एमिलीने त्या भानगडीत न पडता आधीचा प्रश्न विचारला: तुम्हाला ते क्षेत्र जाणवतं तरी का? १९९६ साली, चौथीत असताना, शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने एक पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. त्याला खाली दोन भोकं. उपचारकाने पलीकडून दोन्ही हात आत घालायचे, तळवे वर. एमिली नाणं उडवणार, छापा-काटा बघून त्यांच्या एका तळव्याच्या वर आपला हात धरणार आणि विचारणार, कुठल्या हातावर आहे?

२१ उपचारकांनी मिळून २८० वेळा उत्तर दिलं. बरोबर आली १२३, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून कुणीही ‘डावा, डावा, उजवा’ बोलत राहिलं तर निम्मी बरोबर यायची. यांची त्याहूनही थोडी कमी आली. १९९८ साली हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं, तेव्हा एमिली ११ वर्षांची होती.

मला त्या आकड्यापेक्षा नंतरची कारणं वाचताना जास्त मजा आली. कुणी म्हणालं, आधीच्या वेळच्या हाताची ‘आठवण’ तळव्यावर रेंगाळते. कुणी म्हणालं, उजवा हात ऊर्जा देणारा, घेणारा डावा. हे लोक बनाव करत नव्हते. त्यांना इतकी वर्षं खरोखर काहीतरी जाणवत होतं: ऊब, मुंग्या, ओढ. फक्त ते जाणवायला समोर रुग्ण दिसावा लागत होता.

जाणवणं आणि असणं यांतली ही फट फार जुनी आहे. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ने, म्हणजे अंगातून वाहणाऱ्या अदृश्य शक्तीच्या उपचाराने, धुमाकूळ घातला होता. बायका-पुरुष झटके येऊन पडत आणि उठल्यावर बरं वाटतं म्हणत. राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे राजदूत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने, डेस्लॉनने, एका झाडात चुंबकत्व ‘भरलं’. मग १२ वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणलं (पट्टी इथे नीट बांधली होती) आणि एकेका झाडाला मिठी मारायला लावली. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला, दुसऱ्यापाशी डोकं दुखायला लागलं, चौथ्यापाशी तो बेशुद्ध पडला. ‘भरलेलं’ झाड तिथून चोवीस फुटांवर होतं. त्याला त्या झाडाकडे नेलंच नव्हतं.

डेस्लॉन म्हणाले, सगळ्याच झाडांत मुळात थोडं चुंबकत्व असतं. समितीचं म्हणणं, असं असेल तर बागेत फिरायला जाणं भलतंच धोक्याचं की! पण मुलाचा घाम खरा होता, हे विसरायचं नाही. घाम कशाने आला एवढाच वाद होता.

आता घरचं उदाहरण घेऊ. प्लँचेट. ज्यांचं लहानपण मोबाइलच्या आधी गेलं त्यांनी मे महिन्यात कधी ना कधी केलेलं असणार. पाटावर खडूने अक्षरं, मध्ये उपडी वाटी, बाजूला उदबत्ती, तिघांची बोटं वाटीवर. वाटी सरकते! प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी ढकलली नाही, आणि प्रत्येक जण खरं बोलत असतो.

विजेच्या शोधांमुळे आपल्याला शाळेत भेटलेले मायकेल फॅरडे १८५३ साली याच कोड्यात पडले होते. लंडनच्या दिवाणखान्यांत तेव्हा टेबलं फिरत होती. लोक भोवती बसून हात ठेवत आणि ‘आत्मे’ टेबल सरकवत. फॅरडेंनी टेबल आणि हात यांच्यामध्ये काय ठेवावं? पुठ्ठेच. एकावर एक चार-पाच, मध्ये मऊ चिकट मेणाचे ठिपके, जेणेकरून थर एकमेकांवर हळूहळू सरकावेत. विचार साधा होता. टेबल आपणहून फिरत असेल तर खालचा पुठ्ठा पुढे जाईल आणि हात मागून ओढले जातील. हातच ढकलत असतील तर वरचा पुठ्ठा पुढे जाईल. वरचे पुढे गेले. मग त्यांनी एक काडी अशी बसवली, की हात जरा सरकला की ती कलणार. ती काडी लोकांना दिसायला लागली आणि टेबल फिरायचंच थांबलं.

माणसाच्या मनात जी हालचाल असते ती स्नायूंमधून नकळत बाहेर पडते. तिला लागणारा जोर इतका कमी असतो की करणाऱ्याला तो आपला वाटतच नाही. प्रश्न विचारून दोरीला टांगून धरलेला लोलक याच जोरावर फिरतो. आणि आपला पाणाड्याही. आडव्या तळहातावर नारळ ठेवून माणूस शेतातून चालत जातो, एका जागी नारळ उभा राहतो आणि शेतकरी तिथे बोअर मारायला लाखभर रुपये काढतो. नारळ अशा अवस्थेत धरलेला असतो की मनगट केसभर वळलं तरी पुरतं. पाणाड्या ढोंगी असेलच असं नाही. उंबर कुठे आहे, उतार कुठे जातो, शेजारच्याची विहीर कुठे लागली हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं असतं आणि ते मनगटात उतरत असतं. जर्मनीत कासेल इथे १९९० साली तीसेक पाणाड्यांची परीक्षा झाली. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर नळ. आता त्यातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं. अटी सगळ्यांनी आधी मान्य केल्या होत्या आणि यशाची खात्रीही दिली होती. उत्तरं आली ती नाणं उडवल्यासारखी. वर उंबर नव्हता, उतार नव्हता.

(जाता जाता: महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा धाक दाखवून लोक पाणाड्याला किंवा ज्योतिषाला गप्प बसवू पाहतात, ते चूक आहे. जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले, वास्तुशास्त्राचा सल्ला देणारे आणि भूजल सांगणारे या सगळ्यांना त्या कायद्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं मात्र गुन्हा आहे.)

इथवरचं ऐकून ‘असेना का, कुणाचं काय बिघडतं’ असं वाटू शकतं. म्हणून हे पुढचं सांगते.

१९९०च्या आसपास अमेरिकेत बोलता न येणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी एक पद्धत आली. सहायकाने मुलाचा हात किंवा मनगट धरायचं आणि मुलाने अक्षरफलकावर बोट ठेवत लिहायचं. ज्या मुलाने जन्मात एक शब्द उच्चारला नव्हता तो लिहू लागला, ‘आई, मला तू आवडतेस.’ कविता लिहू लागला. त्या आयांची अवस्था काय झाली असेल! सहायक बहुतेक तरुण, कळवळ्याची, कमी पगारावर राबणारी माणसं. १९९३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्रात १२ जणांची चाचणी झाली. लिहिणारा आणि सहायक या दोघांना चित्रं दाखवायची, पण मधल्या आडोशामुळे एकाला दुसऱ्याचं चित्र दिसणार नाही. लिहिणाऱ्याला कुलूप दाखवलं आणि सहायकाला चप्पल, असं समजा. बोट लिहिलंच तर ‘चप्पल’ लिहायचं, ‘कुलूप’ नाही. बरोबर नाव उमटलं ते सहायकाने पाहिलेल्या चित्राचंच. फक्त लिहिणाऱ्याने पाहिलेलं एकदाही नाही.

हा प्लँचेटच होता, वाटीच्या जागी मुलाचा हात. आणि याच हातांनी लिहिलेल्या मजकुरावरून काही आईवडिलांवर लैंगिक अत्याचाराचे खटले उभे राहिले, मुलं घरातून काढून नेली गेली. यात कुणी लबाड नव्हतं. मला वाटतं, लबाड असता तर लवकर पकडला गेला असता.

भविष्याचं काय? तिथे पुठ्ठा कुठे धरणार? हा पेच पुण्यात सुटला. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली एक चाचणी मांडली. ज्योतिषाकडे आपण जातो तेव्हा पत्रिका एकटी नसते. समोर आपण असतो: वय, कपडे, हातातली फाइल, डोळ्यांखालची वर्तुळं, सोबत आलेली आई. ‘घरात एका व्यक्तीची काळजी आहे’ म्हटल्यावर आपणच नाव सांगतो आणि घरी जाऊन म्हणतो, त्यांनी नावानिशी ओळखलं. तेव्हा या चाचणीत माणूसच बाजूला काढला. उरली फक्त पत्रिका.

२०० मुलांच्या जन्मवेळा घेतल्या. १०० अभ्यासात हुशार, १०० बौद्धिक अक्षमता असलेली. त्यांच्या पत्रिका करून, सरमिसळ करून, प्रत्येक ज्योतिषाला ४० पाठवल्या. प्रश्न एकच: हे मूल पहिल्या गटातलं की दुसऱ्या? पन्नासेक ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं कळवली. निव्वळ नशिबाने २० बरोबर येतात. ४०पैकी निदान २८ आली तर काहीतरी आहे म्हणायचं, असं आधी ठरलं होतं. सर्वांत पुढे असलेल्याची २४ आली. सगळ्यांची सरासरी ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका पाहिल्या, तिची ५१ टक्के.

‘आधी ठरलं होतं’ हे त्यातलं सगळ्यात मोलाचं. निकाल लागल्यावर निकष लावायला बसलं तर कुठलंही उत्तर बरोबर करून घेता येतं. १९४८ साली बर्ट्राम फोरर नावाच्या प्राध्यापकांनी ३९ विद्यार्थ्यांना ‘खास तुझं’ म्हणून स्वभावचित्र दिलं. मुलांनी पाचापैकी सरासरी ४.२६ गुण देऊन कौतुक केलं. मजकूर सगळ्यांना एकच होता, बराचसा बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. ‘तुम्ही वरवर शांत दिसता पण आतून अस्वस्थ असता.’ यात न बसणारा माणूस मला अजून भेटायचाय.

राहिला सगळ्यात चिवट मुद्दा: ‘ते जाऊ दे, मला फरक पडला.’ यावर हसू नये. फरक बहुधा पडलेलाच असतो. आपल्याकडे पाऊस लांबला की पोरं धोंडी काढतात, ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत कडुनिंबाचा पाला बांधून दारोदार फिरतात, आणि बऱ्याचदा आठवड्याभरात पाऊस येतो. यायचाच. धोंडी जूनच्या आरंभी कुणी काढत नाही. सगळे थकले, ढेकळं तापली की काढतात, म्हणजे पाऊस यायची वेळ जवळ आलेलीच असते. गुडघा, पाठ, अर्धशिशी, खाज, उदासी ही सगळी दुखणी भरती-ओहोटीची आहेत. माणूस उपचारकाकडे जातो तो दुखणं कळसाला पोचल्यावर, आणि कळसावरून रस्ता बहुतेक वेळा खालीच जातो. त्यात तासभर कुणीतरी शांतपणे आपलं ऐकून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. त्यानेही दुखणं सुसह्य होतं, हे खोटं नाही. सरकारी दवाखान्याच्या रांगेत दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला ते फार मोठं वाटतं. पण सुसह्य होणं आणि गाठ विरघळणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. साखर, रक्तदाब, क्षय, कर्करोग यांना आपलं कुणी ऐकून घेतलं म्हणून उतार पडत नाही.

घरच्या घरी पुठ्ठा धरायला खर्च नाही. लोलकवाले काका आले तर दोन सारख्या वाट्यांत पाणी घ्या, एकीत मीठ घाला आणि ती कुठली हे लोलकावरून ओळखायला सांगा, असं दहा वेळा. मात्र घालणाऱ्याने वाट्या झाकून खोलीबाहेर जायचं. कुठल्या वाटीत मीठ आहे हे माहीत असलेलं कुणीही खोलीत नको, कारण चेहरा बोलतो. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं की त्याचं सगळं गणित कोलमडायचं. तो माणसांच्या मानेची हालचाल वाचत होता. आणि सुरू करण्याआधी काकांनाच विचारा, दहापैकी किती यायला हवीत? आकडा कागदावर लिहून घ्या.

भाच्याला मी एमिलीची गोष्ट सांगितली, पट्टीचा विषय न काढता. त्याला ती इतकी आवडली की त्याने चपलांच्या खोक्याला दोन भोकं पाडली आणि आजीला बसवलं. आजी म्हणजे माझी आई. तिने गेल्या वर्षी ऊर्जा-उपचाराचा कोर्स केलाय आणि सोसायटीत निम्म्या गुडघ्यांवर तिचा हात फिरलेला आहे. तो नाणं उडवायचा, हात धरायचा, वहीत फुली किंवा बरोबरची खूण करायचा. वीस वेळा केलं. नऊ बरोबर.

त्याने वही मला दाखवली, आजीला दाखवली नाही. मग दबक्या आवाजात विचारलं, “मावशी, माझंपण असंच लिहून ठेवायचं?” तेवढ्यात आईने खोक्यात पुन्हा हात घातले. म्हणाली, “अरे, आणखी दहा वेळा कर. आत्ता कुठे हात गरम झालेत.”